मदत हवी आहे: जुन्या चेस्ट फ्रीझरमधला मांसाचा वास जाता जात नाहीये

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात असतो आणि तीन वर्षांपासून घरी बिअर करतोय (इथे घरापुरती करायला कायद्याने मुभा आहे). उन्हाळ्यात तळघर तापतं आणि एलचं (एल हा बिअरचा एक प्रकार) यीस्ट बिथरतं. त्याला 18-20 अंश लागतात, म्हणून बिअर आत ठेवून आंबवायला 7 घनफुटांचा जुना चेस्ट फ्रीझर घेतला. बाहेरून तापमानाचा कंट्रोलर लावला की काम झालं, असा हिशेब होता.

आधीचे मालक त्यात हरणाचं मांस ठेवायचे. मध्ये कधीतरी वीज गेली आणि सगळं वितळलं. बघायला गेलो तेव्हा फ्रीझर उणे 18 वर चालू होता, त्यामुळे वास असा आलाच नाही. घरी आणून 19 अंशांवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर सुकटाचा डबा बरा म्हणायची वेळ आली.

गरम पाण्यात खायचा सोडा घालून दोनदा पुसला. मग व्हिनेगर. ते स्वच्छ धुऊन, वाळवून, दुसऱ्या दिवशी पातळ ब्लीच. (ही दोन्ही कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.) झाकणाच्या रबराच्या घड्या टूथब्रशने घासल्या, तिथून तपकिरी चिकटा निघाला. चार दिवस झाकण उघडं टाकून उन्हात ठेवला, मग आत कॉफीचा चोथा ठेवला. उघडा असताना काही नाही, पण रात्रभर बंद ठेवला की सकाळी वास हजर.

काल तळाच्या पाणी काढायच्या भोकात काडीला कापूस गुंडाळून फिरवला. तिसरा बोळासुद्धा तपकिरीच निघाला. म्हणजे रक्त भोकाच्या कडेने आतल्या फोममध्ये मुरलंय का? भिंतींतून फ्रीझर थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या जातात, त्यामुळे खोलून बघायची सोय नाही.

एन्झाइमवालं क्लीनर भोकात ओतून कोणी बघितलंय का? किती तास ठेवलंत? की सरळ वाळवून भोक सिलिकॉनने बुजवू?

आणि खरी काळजी बिअरची आहे. आंबताना वायू बाहेर पडत असतो, तोवर ठीक. पण शेवटी 2 अंशांवर थंड करताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (भांड्याच्या तोंडावरचं, वायू बाहेर सोडणारं बूच) फ्रीझरची हवा आत ओढली जाते. 19 लिटर गव्हाची बिअर त्या वासाला लावायचा धीर होत नाहीये. कोणाच्या बिअरला असा वास लागलाय का? येत्या शनिवारी घाणा घालायचाय, त्याआधी कळलं तर फार उपकार होतील.