रेड ड्रम, लांब लीडर आणि “मस्त पोहत गेला”

हॅटरसकर

परवा ‘लांबफेक्या’ यांनी इथे लिहिलं की रेड ड्रम या माशासाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, ही ज्यांना वेळेवर झटका मारता येत नाही त्यांची सोय. स्वतः ते तीस इंची लीडर (शिसं आणि गळ यांच्यामधला दोरीचा तुकडा), सरकतं शिसं आणि साधा जे-हुक वापरतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप पॉइंटला चाळीस इंचांच्या वरचा मासा लागला, गळ पार पोटात, पक्कड घालून ओढून काढला, फोटो काढला, सोडला. “मस्त पोहत गेला.” खाली अंगठ्यांची रांग.

आता उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

ड्रम चारा तोंडात घोळवत बसत नाही. खेकडे-शिंपले फोडायचे त्याचे दात घशात असतात, म्हणून चाऱ्याच्या मलेट माशाचा तुकडा उचलला की तो सरळ मागे जातो. तुमचं शिसं दोरीवर सरकतंय आणि गळ त्याच्यापासून अडीच फुटांवर. मासा चारा घेऊन निघाला तरी आठ औंसांचं वजन त्याला जाणवतच नाही. काठीचं टोक हलेपर्यंत गळ खाली उतरलेला. वरून तुम्ही झटका मारता. जे-हुक असेल तिथेच रुततो.

पाम्लिको साउंडमध्ये, म्हणजे त्याच किनाऱ्याच्या आतल्या खाऱ्या पाण्यात, यावर ल्युप्टन रिग (गळ-शिशाची मांडणी) केव्हाच निघालंय, आणि उन्हाळ्यात तिथे ते नियमानेच लागतं. शिसं एका जागी पक्कं, गळ त्याच्यापासून सहा इंचांच्या आत, सर्कल हुक, त्याचा काटा चेपलेला. मासा उचलून वळतो, लगेच वजन लागतं, गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारायचाच नाही, नुसती रीळ फिरवायची. २००५ मध्ये बेकविथ आणि रँड यांचा मोठ्या ड्रमवरचा अभ्यास छापून आला. निष्कर्ष हाच: मोठा सर्कल हुक, आखूड लीडर आणि पक्कं वजन असेल तर गळ खोल जाणं कमी होतं. लोक फक्त हुक बदलतात, लीडर तसाच लांब ठेवतात आणि मग “सर्कलने काही फरक पडत नाही” म्हणतात.

नॉर्थ कॅरोलिनात ६२ वर्षांच्या ड्रमची नोंद आहे. तुम्ही ज्याच्या पोटात पक्कड घातली तो बहुधा तुमच्या एच-वन व्हिसापेक्षा जुना होता.

लांबफेक्या

आधी नियम नीट वाचा साहेब. तो पाम्लिको साउंड आणि त्याला मिळणाऱ्या नद्या-खाड्यांपुरता आहे, १ जुलै ते ३० सप्टेंबर. ऑक्टोबरात केप पॉइंटजवळ, बक्सटनच्या समुद्राकाठच्या वाळूवर उभा असलेल्या माणसाला तो लागूच नाही. साउंडमध्ये बोट नांगरून बसलेल्यांचं रिग आमच्या गळ्यात का मारता? इथे ईशान्येचा वारा तोंडावर येतो, प्रवाह बाजूने ओढतो, शिसं वाळूत रुतून राहावं लागतं. पक्कं शिसं आणि सहा इंचांचा तुकडा, चारा वाळूत गाडला जातो. लांब लीडरवर तो पाण्यात हलतो म्हणून मासा येतो. आणि मी स्वतः डोळ्यांनी पोहत जाताना पाहिलाय.

हॅटरसकर

नियम लागू नाही म्हणून माशाचा घसा बदलत नाही.

आणि नाव लांबफेक्या, लीडर तीस इंच? चाऱ्याचं डोकं आणि आठ औंस असे दोन वेगवेगळे पंखे हवेत भिरभिरतात, निम्मा जोर तिथेच जातो. पॉइंटवरचे जुने हीव्हरवाले, म्हणजे लांब फेकीच्या जड काठ्यांवाले, आखूड लीडर वापरतात ते माशावरच्या प्रेमापोटी नव्हे, लांब जावा म्हणून. सरकतं शिसं सोडवत नसेल तर शिशाच्या वर थोड्या अंतरावर मणी आणि गाठ बांधा. शिसं तेवढंच सरकेल, मग अडकेल, मासा वजनावर येईल. इतकंच.

शिरगावची

मध्येच बोलते. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले, सध्या रॅलेत आहे. “पोहत गेला” हा पुरावा नाही. आतडं किंवा काळजाजवळची शीर फाटलेला मासाही जोरात शेपटी मारून जातो. मरतो काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आणि तेव्हा किनाऱ्यावर कोणी नसतं. गळ खोल गेलाच तर पक्कड लावू नका. गळाजवळ दोरी कापा आणि सोडा. स्टेनलेस गळ मात्र टाळा, तो गंजत नाही.

हॅटरसकर यांनाही एक. सर्कल हुक ऑफसेट, म्हणजे टोक बाजूला वळवलेला, असेल तर त्याचा फायदा कमी होतो. दुकानात निम्मे तसलेच लटकलेले असतात.

वेंगुर्लेकर नानू

सोडूचोच असात तर धरूचो कित्याक?

अपेक्सकाका

नानूंनी लाखातली बात केली. वर्षभर मंडळात प्राणिमात्रांवर दया, आणि ऑक्टोबरात पाच तास गाडी हाकून जायचं, वाळूवर गाडी चालवायचा परमिट काढायचा, एक म्हातारा मासा दमवायचा, कल्ल्यात बोटं घालून फोटो काढायचा, सोडायचा. ४० इंचांच्या वरचा सोडला की राज्य प्रशस्तिपत्र देतं म्हणे. भिंतीवर लावायला.

बरं, खायचा कोणता? १८ ते २७ इंच, दिवसाला एक. २७ इंचांची ड्रमची मादी बहुधा अजून वयातही आलेली नसते. म्हणजे कायद्याने पोरं खायची आणि आजोबांना सलाम ठोकायचा. शहाणपण कुणाचं?

हॅटरसकर

काका, धागा रिगचा आहे.

शिरगावची

काका, प्रश्न वाकडा असला तरी चांगला आहे. दिवसाला एक आणि तोही स्लॉटमधला (त्या १८ ते २७ इंचांतला), म्हणजे पोरांतली पुरेशी २७ इंचांच्या पुढे निसटतात. एकदा निसटली की पुढे तीस-चाळीस वर्षं अंडी घालतात. मोठी मादी एका हंगामात घालते तेवढी अंडी लहान मादीला जमत नाहीत. तुम्ही ह्यूस्टनला होतात ना? ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम यांनी ब्लॅकन्ड रेडफिश हा पदार्थ गाजवला; रेडफिश म्हणजे हाच ड्रम. मागणी इतकी वाढली की मेक्सिकोच्या आखातात जाळी टाकून मोठ्या ड्रमचे थवेच्या थवे उचलले. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, विक्री बंद केली होती. आजोबांना सलाम ठोकायचं शहाणपण तिथून आलंय.

वेंगुर्लेकर नानू

बाय, ह्यो ड्रम म्हणजे आमच्या घोळीचोच भावकीतलो. तीच तऱ्हा, पोटात वाजता म्हणान नाव ड्रम. आता माका सांग, आमच्याकडे उलटा का? लहान घोळ कोण विचारणा नाय, मोठी गावली की भोताक, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशयेक, व्यापारी दारात उभो. २०२१ मध्ये पालघराकडे एका बोटीक घोळीचो थवो गावलो, कोटीच्या वर पैशे झाले असा पेपरात इला. म्हातारी घोळ सोडा म्हणान कोण सांगतलो त्येंका?

शिरगावची

कोणीच नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये माशांना किमान आकार ठरवला, पण तो फक्त खालून. वरची मर्यादा नाही. ड्रमच्या बरोबर उलट.

गिरगावकर

२०२३ चा विषय निघालाच म्हणून. त्याच वर्षी आपण पापलेट राज्यमासा केला आणि गुजरातने घोळ. घोळ! पालघर-डहाणूच्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोळ आणली, भोतं सुकवली, आणि नाव कोरलं त्यांनी. आधी कारखाने गेले, आता मासाही.

अपेक्सकाका

गिरगावकर, घोळ काय वलसाडला पोहत जात नाही? माशाला सीमा कळत नाही.

गिरगावकर

काका, तुम्हाला अमेरिकेत अपेक्सात बसून बोलणं सोपं आहे. वसई-सातपाटीला जाऊन हेच वाक्य म्हणून दाखवा.

सातपाटीची सून

सातपाटीचं नाव घेतलंय म्हणून लिहिते. पापलेट राज्यमासा व्हावा ही आमच्याच सोसायट्यांची मागणी होती. घोळीसाठी रडू नका. बोटभर लांबीची पापलेटं टोपलीत येतात, ती घेऊ नका, एवढं करा. सासरे मासळीच्या लिलावात उभे राहिलेले आहेत. ते म्हणतात, गिऱ्हाईक आधी बारीक पापलेट मागतं आणि मग विचारतं, पूर्वीसारखी मोठी का येत नाहीत.

गिरगावकर

बारीक पापलेट पर्ससीनवाले आणि एलईडीवाले आणतात. गिऱ्हाइकाला कशाला दोष?

सातपाटीची सून

आणि ते विकत कोण घेतं? आकाश?

लांबफेक्या

वा. माझ्या लीडरवरून सुरू झालं, सातपाटीच्या लिलावापर्यंत पोचलं. निदान मी एकटाच खुनी नाही हे कळलं.

हॅटरसकर, तुमचा सूर मात्र खटकला. मी या किनाऱ्यावर तुमच्याआधीपासून येतोय. तुम्ही गेल्या थँक्सगिव्हिंगला माझ्याच दोरीवरून फेकून गुंता केला होता, तेव्हा मी इथे येऊन निबंध लिहिला नव्हता.

हॅटरसकर

गुंता झाला कारण तुमची दोरी प्रवाहाने वाहत माझ्या समोर आली होती. शिसं रुतत नव्हतं. सरकतं होतं ना.

लांबफेक्या

हे असं. म्हणूनच कोणी तुमच्याबरोबर गाडीत बसत नाही.

तरी एक. मणी आणि गाठ याची कल्पना वाईट नाही, हे माझ्या बायकोचं मत. माझं नाही. जे-हुक मी सोडणार नाही. थंड पाण्यात मासा टिकतो, साउंडमधल्या ऑगस्टच्या उकाड्यात मरतो, म्हणून तुमचा नियम उन्हाळ्याचा आहे.

शिरगावची

पाण्याबद्दल बरोबर आहे. गरम पाण्यात दमलेला मासा लवकर मरतो, शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात ते साउंडमध्ये अंडी घालायला आलेले असतात. पण फाटलेल्या आतड्याला थंडीचा काही उपयोग नाही. जे-हुकच ठेवायचा असेल तर लीडर सहा इंचांवर आणा, शिसं अडवा, आणि काठी वाळूतल्या नळीत ठेवून कॉफी प्यायला गाडीत जाऊ नका.

लांबफेक्या

कॉफीचं तुम्हाला कोणी सांगितलं?

हॅटरसकर

सगळ्या पॉइंटला माहीत आहे.

वेंगुर्लेकर नानू

तेवढा सांगा, स्लॉटमधलो एक गावलो तर आमटीत तिरफळा घालतास काय नाय? त्यावर कोण बोलाक तयार नाय.

अपेक्सकाका

तिरफळं मिळतात कुठे इथे? मी सिचुआन मिरी घालतो, चायनीज दुकानातली. चालते.

वेंगुर्लेकर नानू

चालता?? काका, तुमका ड्रम देऊचो नाय. नवीन धागो काढतंय.