भावाच्या थुंकीचा रिपोर्ट येत नाहीये, कुणाला विचारायचं?

रानजाई: भाऊ गावी असतो, गडचिरोलीकडे. टीबी निघालाय. परत नमुना घेऊन पुढे पाठवला, त्याचा रिपोर्टच येत नाही. आशाताई म्हणतात, वरून आला की सांगते. मी पुण्यात, तिकडे त्याचं वजन उतरत चाललंय. फोन कुणाला करायचा? प्लीज लवकर सांगा.

दगडफूल: पहिला रिपोर्ट कशावरचा? सीबीनॅट की ट्रूनॅट, म्हणजे जंतूचे जनुक बघणाऱ्या मशीनवरचा? रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधासमोर काय लिहिलंय? आणि पुढे म्हणजे एलपीएला (कोणतं औषध लागू पडत नाही ते जनुकांवरून बघतात) की कल्चरला (जंतू वाढवून बघतात)?

नाना_वर्धेकर: सरकारीच्या भरवशावर बसू नका. खासगीत रक्त तपासा, दोन दिवसांत मोकळे. आमच्या साडूचं तसंच केलं.

दगडफूल: नाना, रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या किटवर 2012 पासून बंदी आहे. इग्रा ही रक्ततपासणी होते, पण आजार आहे की नुसता संसर्ग, हे तिच्यातून कळत नाही. इथे टीबी निघालेलाच आहे. औषध कोणतं लागू पडेल हा प्रश्न आहे.

नाना_वर्धेकर: साडू ठणठणीत आहे, एवढंच सांगतो.

रानजाई: सीबीनॅट. फोटो मागवला, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड असं आहे. गोळ्या सुरू नाहीत, रिपोर्ट आल्यावर देऊ म्हणाले.

लॅबवाली_ताई: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! रेझिस्टन्स, म्हणजे ते औषध लागू पडत नाही असं, निघाल्यावर कल्चरसाठी थांबत नाहीत. ईसीजी, रक्त वगैरे बघून डीआर-टीबी (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) केंद्रात औषधं सुरू करतात, पुढचे रिपोर्ट आले की लागेल तसा बदल करतात. कल्चर निगेटिव्ह म्हणायलाच 42 दिवस ठेवावं लागतं, तोवर रोग्याने काय करायचं?

नमुन्याचं म्हणाल तर फाल्कन ट्यूबचं झाकण तिरकं बसलं की वाटेत गळतं. गळका नमुना लॅब घेत नाही आणि तो निरोप गावापर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून भावाचा निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) घेऊन तालुक्याच्या एसटीएसना (टीबी उपचारांवर देखरेख ठेवणारे) विचारा: नमुना पोचला का, की नाकारला? दाद लागली नाही तर टीबीची हेल्पलाइन 1800-11-6666. परत द्यायचा झाला तर सकाळी चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला बेडका द्यायचा. लाळ चालत नाही.

हिरवाचाफा: त्याची ताटवाटी वेगळी ठेवा. शेळीचं दूध द्या.

दगडफूल: ताटवाटीने टीबी पसरत नाही हो, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, त्याला मास्क लावू द्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. वेगळं ताट मांडलं की आजारी माणूस निम्मा तिथेच खचतो.

सदाफुली: पोषणाचे पैसे मिळतात का त्याला? नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 झालेत, आधी 500 होते. खात्याचा नंबर निक्षयवर चढवून घ्या.

रानजाई: पैशांचं नंतर बघू. आशाताईंनी एसटीएसचा नंबर दिलाय, सकाळी लावते.

लॅबवाली_ताई: सकाळची वाट बघू नका, आत्ताच लावा. रिपोर्ट राहू द्या, आधी औषध कधी सुरू करताय ते विचारा.