बगॅसपासून फरफ्युरल : तेलाचा थर का दिसत नाही?

पाषाणकर
एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी फरफ्युरल (वनस्पतींच्या चोथ्यापासून मिळणारं तेलकट रसायन) काढायचंय. दौंडकडच्या साखर कारखान्यातला ओला बगॅस (उसाचा चोथा) ५० ग्रॅम, १० टक्के सल्फ्युरिक आम्ल ५०० मिली, साधं ऊर्ध्वपातन. २५० मिली डिस्टिलेट आलं. कडू बदामासारखा वास आहे, पण तेलाचा थर नाही. तळाशी काळी खपली धरली. उत्प्रेरक म्हणून झिओलाइट (सच्छिद्र घन खनिज) घ्यावं की स्वस्तातलं ॲल्युमिनियम क्लोराइड चालेल?

पेंटोसान
आधी हिशोब करा. ओल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी, म्हणजे हातात २५ ग्रॅम. झायलान (चोथ्यातली झायलोज साखरेची साखळी, फरफ्युरल हिच्यापासूनच होतं) त्याच्या पाव, ६ ग्रॅम. १३२ भाग झायलानचं ९६ भाग फरफ्युरल होतं. शंभर टक्के उतारा पडला तरी साडेचार ग्रॅमच. २० अंशांना पाण्यात ते सुमारे ८ टक्के विरघळतं. मग २५० मिलीत थर कुठून दिसणार? माल त्यातच आहे. सोड्याने सामू ७ वर आणा (पुढे नको, तीव्र अल्कलीत फरफ्युरलच बिघडतं), मिठाने संपृक्त करा आणि डायक्लोरोमिथेन या द्रावकाने, दर वेळी ५० मिली घेऊन, तीनदा काढून घ्या. ॲनिलीन ॲसिटेटचा कागद लाल झाला की खात्री.

झिओलाइट विसरा. घन चोथा घन उत्प्रेरकाच्या छिद्रांत शिरत नाही, आणि ह्युमिन (साखर आणि फरफ्युरल एकमेकांना जुळून होणारी काळी राळ) ती छिद्रं बुजवतं ते वेगळंच.

तेलबाथ
खपलीचं कारण बहुधा चोथ्यातली उरलेली साखर आणि मँटलची (फ्लास्कखालच्या विजेच्या शेगडीची) थेट आच. गरम पाण्याने दोनदा धुवा, १०५ अंशांवर वाळवा, तेलाच्या बाथवर ठेवा. २०० ग्रॅम मीठ घाला : उत्कलनबिंदू चढतो, फरफ्युरल वाफेत लवकर जातं. जितकं पाणी उडेल तितकं थेंबनळीतून परत सोडा, नाहीतर आम्ल दाट होत जातं. फेस येतो, फ्लास्क निम्माच भरा. ॲल्युमिनियम क्लोराइडही ६ ग्रॅम टाकून बघा.

पेंटोसान
१० टक्के आम्लात ते वाया जाईल. झायलोजचं झायलुलोज (फरफ्युरलकडे जाण्याचा मधला टप्पा) करतो तो हायड्रॉक्सिल धरलेला ॲल्युमिनियम आयन, आणि इतक्या आम्लात तो टिकतच नाही. ती वाट धरायची तर सल्फ्युरिक वगळा, बंद दाबपात्रात १६० अंश, वर मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन या द्रावकाचा थर. फरफ्युरल होताच वर सरकतं, ह्युमिन व्हायला वेळ मिळत नाही. टेफ्लॉनचं अस्तर हवंच, क्लोराइड ३१६ स्टीललाही खड्डे पाडतं.

पाषाणकर
दाबपात्र नाही. मीठ आणि उघडा फ्लास्कच. निर्जल क्लोराइडची बाटली कपाटात आहे, ती वापरली असती.

तेलबाथ
निर्जल क्लोराइड पाण्यात टाकू नका, उसळतं आणि हायड्रोक्लोरिकच्या वाफा येतात. फरफ्युरल गडद बाटलीत, नायट्रोजनखाली. उजेडात काळं पडतं.