सड्यावर बेसबॉलचं मैदान: ९० फूट की ६०?

सड्यावरचा मास्तर
मी राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतो. मैदान म्हणजे गावामागचा कातळाचा सडा. पावसाळ्यात गवत आणि पाणी, दिवाळीनंतर नुसता तवा. गेल्या आठवड्यात पुस्तकात बघून चुन्याने बेसबॉलचा चौक आखला. बेस (चौकाचे कोपरे, पळताना गाठायचे) एकमेकांपासून ९० फूट, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा ६० फूट ६ इंचांवर. पोरं सहावीची. पिचरचा चेंडू दोन टप्पे खाऊन होम प्लेटला, म्हणजे फलंदाजाच्या कोपऱ्याला पोचतो. होमच्या मागे बसणाऱ्या कॅचरपासून समोरच्या कोपऱ्यातला दुसरा बेस तर १२७ फुटांवर! चेंडू लोळत तिथवर जाईतो पळणारा बेसवर उभा राहून पाणी मागतो. एक जण म्हणाला, "सर, क्रिकेटच बरं." लागलं मनाला.
लहानांचं माप वेगळं असतं का? शिवाय लेफ्ट फिल्डला, म्हणजे होमवरून डावीकडे, कलमांच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण) आहे, होमपासून १७० फुटांवर. त्याचं काय करू?

जुना कॅचर
मास्तर, तुम्ही मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचं माप आखलंत! १२ वर्षांपर्यंत लहान मुलांच्या लिटल लीगचं घ्या: बेस ६० फूट, पिचर ४६. त्यापुढचा मधला टप्पा ७० आणि ५०, मग थेट मोठ्यांचं. पिचरचं अंतर होम प्लेटच्या मागच्या टोकापासून त्याच्या पाय टेकवायच्या पाटीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा.
आणि पिचर चौकाच्या मधोमध उभा करू नका. मी केला होता. मोठ्या मैदानात तो मध्यापासून तीनेक फूट होमकडे असतो, ६० फुटी चौकात उलट साडेतीन फूट मागे, दुसऱ्या बेसच्या बाजूला. ७०-५० मध्ये मात्र जवळजवळ मध्यावरच येतो.
गडग्याचं म्हणाल तर लहानांचं कुंपण साधारण २०० फुटांवर असतं. १७० म्हणजे तोकडंच. चेंडू गडग्यापलीकडे गेला तर फलंदाजाला दोनच बेस, असं खेळाआधी ठरवून टाका. बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानातही लेफ्टला जेमतेम ३१० फूट मिळतात, म्हणून तिथे ३७ फुटी भिंत आहे. तुमच्या गडग्यावर तेवढी चढवू नका म्हणजे झालं.

गवंड्याचा पोरगा
मास्तरांनू, सुतळी नको, दवात भिजली की आखडता. टेप घेवा. काटकोन आमी घराचो पायो आखतंव तसोच: दोन बाजू ३ आणि ४ फूट, तर तिरपा माप ५ फूट. मगे होम ते दुसरो बेस ८४ फूट १० इंच येवक व्हयो.

सड्यावरचा मास्तर
आज सकाळी नव्याने आखलं. बाजू चारही ६०, पण कर्ण ८४ फूट ४ इंच. पहिला बेस बाहेर सरकला होता, परत सगळं पुसलं. कातळावर घसरून बेस गाठायला बंदी केली आहे, गुडघे सोलतात.
बागवाले काका तयार झाले. अट एकच: मोहोर आला की पलीकडे गेलेला चेंडू ते स्वतः आणून देणार, पोरांनी गडग्यावर चढायचं नाही.