भुताची प्रेमकथा असेल तर शेवटी भूत खरं निघावं का?

उंबरठा२२:
भूत किंवा जादू असलेल्या प्रेमकथा मला मनापासून आवडतात, भीतीसाठी नाही, प्रेमासाठी. पण एक गोष्ट फार खटकते. अख्खं पुस्तक आपण जीव टांगणीला लावून वाचायचं आणि शेवटच्या प्रकरणात कळणार की भूतबित काही नव्हतंच, इस्टेटीसाठी काकाने रचलेला बनाव होता नाहीतर नायिकेच्या मनाचे खेळ होते. मग त्या दोघांमधलं जे काही झालं तेही खोटंच झालं ना? तुम्हाला काय वाटतं? आणि भूत खरं असलेलं चांगलं काही सुचवा, मराठी, इंग्रजी, भाषांतर, काहीही चालेल.

सायली_वाचते:
स्पष्टीकरण दिलं की वाट लागतेच असं नाही. शार्लट ब्राँटेची जेन एअर घ्या, १८४७ ची. जेन ज्या घरी शिकवायला राहते तिथे रात्रीबेरात्री जे हसणं ऐकू येतं ते भुताचं नाही, घरमालक रॉचेस्टरच्या, वर कोंडून ठेवलेल्या बायकोचं आहे हे कळतं तेव्हा भुतापेक्षा जास्त हादरायला होतं, कारण तो आधीच लग्न झालेला आहे आणि जेन लग्नाला उभी आहे. आणि त्याच पुस्तकात पुढे ती खूप लांब असताना तिला त्याची हाक ऐकू येते, नाव घेऊन, आणि नंतर कळतं की त्याने खरंच त्याच रात्री हाक मारली होती. ती हाक कशी पोचली हे लेखिका शेवटपर्यंत उलगडून सांगत नाही. भीतीचं कोडं सोडवलं, प्रेमाचं तसंच ठेवलं. मला हे फार आवडतं.

दक्षिणदार:
सायली +१. पण उंबरठा, तुम्हाला हवं ते त्याच वर्षी आलेल्या शार्लटच्या धाकट्या बहिणीच्या, एमिलीच्या पुस्तकात आहे, वुदरिंग हाइट्स. सुरुवातीलाच एक परका माणूस त्या घरात मुक्कामाला राहतो, रात्री खिडकीवर फांदी आपटतेय म्हणून काच फोडून हात बाहेर घालतो तर हातात एक थंडगार लहानसा हात येतो आणि बाहेरची ती, मेलेली कॅथरीन, आत घे म्हणून रडते, आणि घाबरून हा तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्त येईपर्यंत. चेहरा लहान मुलीचा आणि सांगते लग्नानंतरचं नाव! स्वप्न म्हणून सोडून द्यायची सोय लेखिकेने ठेवलीय, पण नंतर तिच्यावर जीव असलेला हीथक्लिफ तीच खिडकी उघडून हुंदके देत तिला आत ये म्हणतो तिथे ते स्वप्न होतं की नव्हतं याला काही अर्थच उरत नाही. फक्त याला आदर्श प्रेम वगैरे म्हणू नका कुणी, त्याच्या बायकोचे, इझाबेलाचे, त्याने काय हाल केले ते वाचा आधी.

पिंपळपार:
मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठा झालो, भीती आणि गूढ यात तोड नाही त्यांना. पण भुताच्या बाजूने लिहिलेली मोठी प्रेमकथा मला अजून सापडलेली नाही आणि याचं वाईट वाटतं कारण आपली भुतं मुळातच अर्धवट राहिलेल्या संसाराची आहेत. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. त्या बाईला तिच्या नवऱ्याबद्दल, न पाहिलेल्या बाळाबद्दल काय वाटत असेल हे कुणीच विचारत नाही, तिचे पाय उलटे एवढंच आपण सांगतो. कुणीतरी लिहा रे हे.

सायली_वाचते:
@पिंपळपार हडळीबद्दल १०० टक्के सहमत. मुंजाचं मात्र जपून, कारण ज्या गोष्टी ऐकल्यात त्यात तो मुलीला झपाटतो, तिला काय हवंय याचा प्रश्नच नाही, त्याला प्रेमकथा कसं म्हणायचं?
म्हणूनच मला विजयदान देथांची दुविधा सगळ्यात वरची वाटते. कादंबरी नाही, राजस्थानी कथा आहे, पण वाचाच. नवरा लग्न करून येताना वाटेतसुद्धा हिशोबातच गुंतलेला, आणि लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर जीव जडलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. सगळ्या घराला फसवतं पण तिला मात्र जवळ जाण्याआधी खरं सांगून टाकतं की मी तुझा नवरा नाही. आणि ती विचार करून त्याला ठेवून घेते. भूत खरं असावं का याच्यापेक्षा भूत खरं बोलतं का हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या घरात तिला विचारणारं दुसरं कुणीच नाही.

नीलमोहर_पुणे:
यावरच अमोल पालेकरांचा पहेली आला होता ना २००५ ला? त्याआधी मणि कौल यांचा दुविधा पण आहे, १९७३ चा. जादूवाली प्रेमकथा हवी असेल तर मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेलची लाइक वॉटर फॉर चॉकलेट पण घ्या लिस्टमध्ये. धाकट्या मुलीने लग्न न करता आईला सांभाळायचं अशी घरची रीत, त्यामुळे तिच्या प्रियकराचं लग्न तिच्याच बहिणीशी लागतं आणि लग्नाच्या केकमध्ये हिचे अश्रू पडतात तर तो खाऊन अख्खी वरात रडायला लागते. कुठलंही स्पष्टीकरण नाही आणि मागावंसंही वाटत नाही.

उंबरठा२२:
सगळ्यांना थँक्यू, दुविधा आधी वाचणार. सायली, पहेली मी पाहिलाय, त्यात भूत शेवटी नवऱ्याच्याच अंगात शिरून तिच्याकडे परत येतं. कथेतही असंच आहे का?

सायली_वाचते:
नाही. कथेत एक मेंढपाळ त्या भुताला कातडी पिशवीत कोंडतो आणि ते परत येत नाही, तिला त्या हिशोबवाल्या नवऱ्यासोबतच राहावं लागतं. मला तोच शेवट खरा वाटतो.

नीलमोहर_पुणे:
मला पालेकरांचा. एवढं सोसलंय तिने, एका तरी गोष्टीत तिला हवा तो माणूस मिळू दे.