हातचं सोडून पळत्याच्या पाठी?
एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) स्टार खेळाडू नाराज आहे तर आत्ताच ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काहीतरी घेऊन, मोकळे व्हा, नाहीतर करार संपल्यावर फुकटात जाईल, असं म्हणतात ते अर्धंच पटतं, ती भीती करार संपत आला असेल तरच खरी. २००७ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सचा स्टार कोबे ब्रायंटने उघडउघड ट्रेड मागितला होता, लेकर्स सलग दोन वर्षं प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत फिनिक्सच्या टीमकडून हरून घरी. तक्रार सोबतच्या टीमबद्दल होती आणि खरीच होती. पण त्याच्या करारात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे कुठेही पाठवायचं तर त्याचाच होकार हवा, त्यामुळे मिळेल ते घेऊन विकून टाकणं सोपं नव्हतंच.

मग लेकर्सनी कोबेला न विकता फेब्रुवारी २००८ मध्ये मेम्फिसच्या टीमकडून पाउ गॅसोल हा खेळाडू त्याच्या जोडीला आणला (बदल्यात इतरांसोबत पाउच्याच धाकट्या भावाला, मार्कला, करारबद्ध करायचे हक्कही दिले, तो मार्कही पुढे भारी निघाला ते वेगळं), त्याच सीझनला फायनल, आणि २००९, २०१० दोन्ही वर्षी चॅम्पियन.