मदत हवी आहे: आईचं दूध, पोटातले जीवाणू आणि उत्क्रांती

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात राजवाड्याजवळच्या एका महिला मंडळात पोटातल्या जीवाणूंवर मराठीतून बोलायचं आहे. समोर बऱ्याच आज्या असतात आणि त्यांना मोघम उत्तर चालत नाही.

सुरुवात जमली आहे. शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी पेशी. एका पेशीमागे दहा जीवाणू हा जुना हिशोब २०१६ साली मोडीत निघाला. त्याच वर्षी माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या विष्ठेतल्या जीवाणूंचे वंशवृक्ष ताडून पाहिले गेले. बॅक्टेरॉइडेसी आणि बायफिडोबॅक्टेरिएसी या कुळांच्या फांद्या यजमानांच्या (म्हणजे ज्यांच्या पोटात ते राहतात त्या माणूस-वानरांच्या) फांद्यांशी जुळल्या, लॅक्नोस्पायरेसीच्या जुळल्या नाहीत. म्हणजे काही जीवाणू दीड कोटी वर्षं पिढीजात आपल्या घराण्यात आहेत.

अडलंय ते पुढे. त्यांच्यामुळे आपण बदललो का? मला आईच्या दुधाचं उदाहरण द्यायचंय. लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल त्यात ऑलिगोसॅकराइड शर्करा (साध्या साखरांच्या छोट्या साखळ्या) असतात, आणि बाळाला त्या पचतच नाहीत! त्यावर पोसला जातो बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा जीवाणू. बाळाच्या पाहुण्यांसाठी आईनं वेगळं रांधावं, तसंच हे. मला तर हे विलक्षण वाटतं. पण याच शर्करा रोगजंतूंना आतड्याच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. मग त्यांचं मूळ काम कोणतं? 'जीवाणूंसाठीच घडल्या' असं ठामपणे सांगू का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, तेवढं ठाम नको. प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी, आपल्या शाखेपासून फार पूर्वी वेगळा झालेला. त्याच्या दुधात लॅक्टोज नगण्य, या शर्कराच भरपूर. म्हणजे त्या माणसाहून कितीतरी जुन्या आहेत. आपलं वेगळेपण त्यांच्या प्रमाणात आणि विविधतेत आहे. त्यापेक्षा एफयूटी२ हे जनुक घ्या. ज्या आईत ते बंद असतं तिच्या दुधात काही शर्करा नसतात, आणि अशा बाळांच्या पोटात बायफिडोबॅक्टेरिया उशिरा जम बसवतात असं आढळलंय. उलट, ज्यांच्यात ते बंद त्यांना नोरोव्हायरसचे (उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूचे) बरेच प्रकार सहसा बाधत नाहीत. जनुकाची चालू आणि बंद अशी दोन्ही रूपं टिकून राहण्यामागे रोगजंतूंचा हात असावा असं मानतात. तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण मला सुचत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! दुधाचा भाग आता या जनुकापासूनच सुरू करते. आणखी एक: सिझेरियनच्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइडिस (वरच्या बॅक्टेरॉइडेसी कुळातले जीवाणू) कमी असतात. अंगावरच्या दुधाने ते कितपत भरून निघतं? सुनांच्या काळजीने आज्या हे विचारणारच.